थरथरत्या ऑटोमॅटिकसाठी घरगुती उपाय

आपली ऑटोमॅटिक गाडी सपाट रस्त्यावर साठच्या आसपासच्या वेगाने, ॲक्सिलरेटरवर जेमतेम पाऊल टेकवून चालवताना एकाएकी थरथरू लागली, आणि रस्त्यावर रंबलर नसताना रंबलरवरून गेल्यासारखी दोन-चार सेकंद हादरली, तर सुज्ञ मालकाने सर्वप्रथम एक पथ्य पाळावे: ही थरथर कशाची आहे हे शोधण्याच्या फंदात पडू नये. शोधले की निदान होते, निदान झाले की अंदाजपत्रक मिळते, आणि अंदाजपत्रक मिळाले की झोप लागत नाही. त्यापेक्षा गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये मिसळायची साठेक मिलिलीटरची एक ट्यूब घरी मागवावी. आत सात-आठ लिटर ऑइल असताना एवढ्याशा द्रवाने काय होणार, अशी शंका मनात आलीच तर ट्यूबवरची किंमत पाहावी. इतक्या महाग वस्तूत काहीतरी गुण असणारच.

एक चाचणी मात्र चुकूनही करू नये. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, थरथर चालू असतानाच ॲक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला हलकासा स्पर्श केला, तर गाडीचा संगणक इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या भागातला लॉक-अप क्लच (याचे काम पुढे सांगतो) सोडून देतो. त्या क्षणी थरथर थांबली तर संशय त्या क्लचवर जातो. थांबली नाही तर स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल किंवा इंजिनाचे माउंटिंग यांच्याकडे पाहावे लागते, कारण एखाद्या सिलिंडरने ठोका चुकवला तरी गाडी जवळपास अशीच हादरते. या चाचणीला पैसे पडत नाहीत, आणि ज्याला पैसे पडत नाहीत त्यावर आपण कधी विश्वास ठेवला आहे? शिवाय दोष कॉइलमध्ये निघाला तर गिअरबॉक्ससाठी मागवलेली ट्यूब वाया जाते, ही हानी वेगळीच.

ज्यांना कुतूहल आवरत नाही त्यांच्यासाठी थोडी यंत्रविद्या सांगून ठेवतो, अर्थात विसरून जाण्यासाठी. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये पात्यांची चाके समोरासमोर ऑइलमध्ये फिरतात. एक इंजिनाला जोडलेले असते, दुसरे गिअरबॉक्सला, आणि शक्ती मधल्या ऑइलमधूनच पलीकडे जाते. यात थोडी घसरण होते आणि इंधन वाया जाते, म्हणून दोन्ही बाजू थेट जोडणारा लॉक-अप क्लच आला. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने तो १९४९ साली दिला होता. पण त्याची खरी चलती १९७३ च्या तेलसंकटानंतर, पेट्रोलचा थेंबन्‌थेंब मोजला जाऊ लागला तेव्हा झाली, आणि १९७८ मध्ये क्रायस्लरने तो आपल्या गाड्यांत आणला. आजच्या गाड्यांचा संगणक हा क्लच पुष्कळदा पूर्ण दाबतच नाही. इंजिनाचे धक्के आत पोहोचू नयेत म्हणून तो मुद्दाम किंचित घसरता ठेवतो. ही घसरण गुळगुळीत राहावी याची जबाबदारी ऑइलमधल्या घर्षण-नियामक रसायनांवर असते. घसरण्याचा वेग कमी झाला की घर्षण वाढू नये, एवढेच त्यांनी पाहायचे असते. उष्णतेने आणि वयाने ती संपत आली की क्लच पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो, सेकंदाला कित्येकदा, आणि आपल्याला रंबलर जाणवतो.

या कामासाठी एके काळी देवमाशाचे तेल वापरले जाई. स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या डोक्यातून निघणारे तेल अमेरिकेतल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये मिसळलेले असे. तिथल्या सरकारने १९७० साली या प्राण्याला संकटग्रस्त ठरवले, १९७३ च्या कायद्याने उरलीसुरली वाटही बंद केली, आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधत बसावे लागले. आपल्या हातातली ट्यूब त्या शोधाच्याच वंशावळीतली आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. म्हणजे अडचण अशी आहे की ट्यूब निव्वळ थोतांड नाही. ऑइलमधली तीच रसायने संपली असतील आणि क्लचचे कागदासारखे अस्तर अजून शाबूत असेल, तर ती ओतल्यावर थरथर खरोखर थांबू शकते, कधी कधी काही हजार किलोमीटरपर्यंत. जाणकार मेकॅनिक याचा उपयोग निदानासाठी करतो: थरथर थांबली म्हणजे दोष ऑइलचा, तेव्हा आता ऑइल बदलू या, असे तो म्हणतो. आपण त्याचे पहिले वाक्य ऐकावे आणि दुसऱ्या वाक्याच्या वेळी फोन आल्याचे निमित्त करून बाहेर पडावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे, हे जाणून घेऊ नये. क्लचचे पेडल नाही म्हणजे ऑटोमॅटिक, इतके ज्ञान पुरेसे आहे; ट्यूबवरही ‘ऑटोमॅटिक’ असेच लिहिलेले असते. भारतात २०१४ साली सेलेरिओबरोबर एएमटी नावाचा प्रकार आला आणि पाहता पाहता स्वस्त गाड्यांत सर्वत्र पसरला. हा गिअरबॉक्स आतून साधा मॅन्युअलच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम माणसाऐवजी यंत्र करते, एवढाच फरक. त्याचा क्लच कोरडा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या जागेत तो हवेत फिरतो, आणि ऑइलचा त्याला स्पर्शही होऊ नये अशी व्यवस्था असते. सिंहगड रस्त्यावरच्या संध्याकाळच्या कोंडीत रांगत-रांगत पुढे सरकताना, किंवा चढावर गाडी उचलताना तो थरथरला, तर गिअरबॉक्समध्ये ओतलेला कोणताही द्रव त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मात्र तो द्रव गिअर टाकताना फिरत्या भागांचा वेग जुळवणाऱ्या सिंक्रोनायझरच्या रिंगांपर्यंत नक्की पोहोचतो, ज्यांना आपले काम करण्यासाठी घर्षणच हवे असते. म्हणजे थरथर तशीच राहून गिअर अडखळण्याचा नवा अनुभव मिळण्याची शक्यता निर्माण होते. पोलो जीटी टीएसआयसारख्या गाड्यांतल्या डीएसजी नावाच्या सात-गिअरी गिअरबॉक्समध्येही एकाऐवजी दोन क्लच असतात आणि दोन्ही कोरडे. तिथेही निर्धास्तपणे ओतावे.

सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरच नसलेला ऑटोमॅटिक, असेल तर दुधात साखर. त्यात दोन पुलींमध्ये एक पोलादी पट्टा प्रचंड दाबाने धरलेला असतो, आणि पोलादाने पोलादाला पकडून ठेवावे यासाठी त्याचे ऑइल वेगळे बनवतात. त्यात घर्षण कमी करणारे काही घातले की पट्टा घसरतो आणि पुलींवर ओरखडे उठतात. ज्या मोजक्या गाड्यांसाठी ही ट्यूब मुळात बनवली, त्या टॉर्क कन्व्हर्टरच्या; म्हणजे पेट्रोल ब्रेझाची किंवा डिझेल क्रेटाची ऑटोमॅटिक आवृत्ती. पण त्यांतही एकीचे ऑइल दुसरीला चालत नाही: डेक्सरॉन-६ वेगळे, टोयोटाचे डब्ल्यूएस वेगळे, ह्युंदाईचे एसपी-४ वेगळे. ट्यूब मात्र सर्वांना चालते. कंपन्यांच्या अभियंत्यांनी इतकी वर्षे हे भेद का जपले, हे एक कोडेच आहे.

प्रत्यक्ष ओतण्याचा विधी रविवारी सकाळी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शेजारी जमतील अशा वेळी करावा. बॉनेट उघडून डिपस्टिक शोधावी. इंजिन ऑइलची सापडेल, गिअरबॉक्सची बहुधा सापडणार नाही, कारण नव्या गाड्यांत ती नसतेच. गाडी सर्व बाजूंनी समपातळीत उचलून, इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर ऑइलचे तापमान साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास आल्यावर खालचा तपासणी-बोल्ट उघडायचा आणि जास्तीचे ऑइल गळून जाऊ द्यायचे, असा कंपनीचा नियम असतो. आपल्याकडे एक जॅक, दोन विटा आणि मेव्हण्याचे नरसाळे असते, तेव्हा नियम आपल्याला लागू होत नाही. पातळी जास्त झाली तर फिरत्या भागांनी ऑइल घुसळून त्यात फेस होतो, फेसाबरोबर हवा आत जाते आणि क्लच दाबणारा दाबच ढिला पडतो. पण फेस बाहेरून दिसत नाही. जे सांडेल ते पाण्याच्या पाइपने गटाराकडे ढकलावे. पावसाळा जवळ असेल तर तेही कष्ट नकोत. आणि हो, विटांवर उभ्या गाडीखाली कोणी शिरू लागले तर एवढ्या एका बाबतीत उपरोध बाजूला ठेवून त्याला ओढून बाहेर काढावे.

पावसाळ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. गिअरबॉक्सला हवा घेण्यासाठी एक छोटीशी वाट असते. गुडघाभर पाण्यातून गाडी नेली असेल तर त्या वाटेने पाणी आत गेलेले असू शकते. किंवा रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आणि ऑइल एकत्र आलेले असू शकते. अशा वेळी ऑइल गुलाबी-दुधाळ दिसते, आणि क्लचचे अस्तर पाणी शोषून सुटू लागते. थरथर तीच, म्हणून ट्यूबही तीच. ओलाव्याचे महत्त्व फार ताणू नये. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या २०१५ ते २०१९ या मॉडेल-वर्षांच्या अनेक पिकअप व मोटारींत आठ-गिअरी ऑटोमॅटिक अशीच थरथरू लागली, मालक न्यायालयात गेले, आणि मूळ ऑइल ओलावा शोषते असे आढळल्यावर कंपनीने जुने ऑइल पुरते धुऊन काढून वेगळे सिंथेटिक ऑइल भरण्याचा उपाय काढला. एवढी मोठी कंपनी, एवढे अभियंते, आणि साठ मिलिलीटरच्या ट्यूबचे नाव कोणाला सुचले नाही.

ऑइल बदलण्याचा सल्ला देणाऱ्यांना एक हुकमी उत्तर आहे: ‘कंपनी म्हणते, हे ऑइल आजन्म टिकते.’ कोणाचा जन्म, हे विचारू देऊ नये. जगभरच्या मोटार कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते, हे वाचनात आले असल्यास वाचले नाही असे समजावे. एकदा ड्रेन प्लग उघडल्यावर निम्मेच ऑइल बाहेर येते, उरलेले कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते, म्हणून ते दोन-तीन वेळा बदलावे लागते; तपकिरी, जळका वास येणारे ऑइल पाहून मनही खिन्न होते. आणि त्या ऑइलमध्ये अस्तराचा काळा भुगा निघाला, तर तो ऑइलचा दाब जिथे हवा तिथे वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीपर्यंत पोहोचला असेल का, हा पुढचा प्रश्न उभा राहतो. बंद झाकणाच्या आत काय आहे हे ठाऊक नसण्यात जे सुख आहे, ते कोणत्याही वॉरंटीत मिळत नाही. वॉरंटीचे म्हणाल, तर बाहेरचे मिश्रण घालू नये असे गाडीच्या पुस्तिकेत बहुधा लिहिलेलेच असते. ती पुस्तिका ग्लव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या वेष्टनात असते, तिथेच राहू द्यावी.

ट्यूब ओतल्यानंतर पहिल्याच फेरीत थरथर कमी झाल्याचे जाणवेल, आणि पैसे देऊन झाल्यामुळे ते जाणवणे भागच आहे. खरोखर कमी झाली असेल तर मात्र वेळ दवडू नये. पुन्हा सुरू होईपर्यंत जो काळ हाती आहे तो सोन्याचा, म्हणून त्याच संध्याकाळी गाडीचे उजेडातले फोटो काढून विक्रीची जाहिरात द्यावी, त्यात ‘एकहाती वापरलेली’ हे शब्द अवश्य घालावेत, आणि ग्राहकाला फेरी मारायला ऐन गर्दीच्या वेळी बोलवावे, जेणेकरून साठचा वेग येणारच नाही. डाव्या पायाने ब्रेकला स्पर्श करणारा ग्राहक आला तर त्याला किमतीवरून वाटेला लावावे. बाकीच्यांपैकी एखाद्याने गिअरबॉक्सच्या ऑइलबद्दल विचारलेच, तर ‘नुकतेच स्वतः पाहिले आहे’ असे ठामपणे सांगावे. त्यात खोटे काहीच नाही, पार्किंगच्या फरशीवर सांडलेले आपण पाहिलेलेच असते.