शाई सुकली असन

बर्डीवरच्या झेरॉक्सच्या दुकानात १२ पानांची पीडीएफ छापायला टाकली आणि प्रिंटरने ४९ नंबरची एरर दाखवून मान टाकली. बंद करून चालू केला, पुन्हा तेच. होणारच! कॉम्प्युटरच्या रांगेत तीच फाइल ठाण मांडून बसलेली. प्रिंटर शुद्धीवर आला रे आला की कॉम्प्युटर तिलाच पुढे ढकलतो.

मागे सातबारा घेऊन उभ्या असलेल्या काकांनी लगेच निदान केलं.

"शाई सुकली असन. ऊन कसं तपून राहिलं!"

"काका, हा लेझर आहे. शाई नसते, टोनरची भुकटी असते."

"मंग भुकटी ओली झाली असन."

मे महिन्यात. नागपुरात.

"प्रिंटर ठीक आहे हो, फाइल बिघडली आहे."

"फाइल कायची बिघडते? ते काय दूध हाय?" मग दुकानदाराकडे वळून, "एक टप्पल दे बे त्याले. आमचा टीव्ही टप्पलवरच चालते."

दुकानदाराने काकांची बाजू घेतली आणि कार्ट्रिज काढून हलवायला लागला. छपाई फिकट येत असेल तर हलवा ना, इथे एक अक्षर उमटलेलं नाही!

खरी परीक्षा सोपी आहे. प्रिंटर बंद करा, केबल काढा, चालू करा. 'रेडी' आलं तर दोष फाइलचा. केबलविना एरर आली तर मिस्त्री बोलवा. दोष फाइलचा असेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये 'प्रिंट स्पूलर' (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) थांबवायचा, सिस्टम ३२ मधल्या स्पूल फोल्डरात 'प्रिंटर्स' नावाचं फोल्डर असतं, त्याच्या आतलं सगळं उडवायचं (फोल्डर नाही, आतलं!) आणि स्पूलर पुन्हा सुरू करायचा. नंतर पानं अर्धी-अर्धी छापायची: १ ते ६ सुखरूप, म्हणजे चोर पुढच्या सहात. सापडला सातव्या पानावर. सहीवर पारदर्शक शिक्का, त्याखाली वॉटरमार्क, आणि फॉन्ट अर्धवट एम्बेड केलेला, म्हणजे अक्षरांचे साचे फाइलीत अर्धेच भरलेले. स्क्रीनवर छान दिसतं, कारण तिथे चित्र कॉम्प्युटर काढतो; प्रिंटरला मात्र त्या आज्ञा स्वतः वाचाव्या लागतात आणि तो तिथेच अडखळतो. असल्या फायली पाठवणारे एकदा तरी स्वतः छापून का बघत नाहीत?

उपाय अॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीतच आहे: अॅडव्हान्स्ड, 'प्रिंट अॅज इमेज', म्हणजे पानाचं चित्र कॉम्प्युटरनेच काढून पाठवायचं. वेळ जास्त लागतो, अक्षरं जरा जाड येतात, पण येतात.

सातवं पान सरकत बाहेर येत होतं, तेवढ्यात काकांनी हात लांबवून प्रिंटरला टप्पल दिलीच.

"पाहा! मी काय म्हणलो होतो?"

दुकानदाराने त्यांचा सातबारा फुकटात काढून दिला. वाया गेलेल्या कागदांचेही पैसे माझ्याकडून घेतले.