अर्धी रजा, कारण : ओहोटी

घराचं छप्पर उतरवायचं ठरलं तेव्हा ठेकेदार म्हणाला, ‘दोन महिने.’ ठेकेदाराचे दोन महिने म्हणजे आपले किती, हे ज्याला कळतं तो गुपचूप भाड्याची खोली बघायला लागतो. मीही लागलो होतो. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. भाचा मर्चंट नेव्हीत. सहा महिने जहाजावर, सहा महिने घरी. आणि घरी असतानाही पाण्यातच, कारण त्याने एक जुनी शिडाची बोट घेऊन गोव्यात मांडवी नदीत चोडण बेटाच्या कडेला नांगरून ठेवलेली.

‘मामा, खोली कसली बघतोस? माझी बोट रिकामीच आहे. अठ्ठावीस फूट. ओटा आहे, संडास आहे, दोघांची झोपायची सोय आहे. पणजीचं ऑफिस तुला साखळीच्या घरापेक्षा जवळ पडेल.’

‘आणि भाडं?’

‘मामा, तू वेडा आहेस का?’

या प्रश्नाचं खरं उत्तर मी तेव्हाच द्यायला हवं होतं.

बायकोने एका शब्दाने विरोध केला नाही, तिथेच मला संशय यायला हवा होता. तिचं माहेर मालवणचं. तिचा आजोबा होडीवाला, वडील होडीवाले, आणि ती स्वतः चालायच्या आधी पोहायला लागली असं माहेरी सांगतात. माझं बालपण साखळीत वाळवंटीच्या काठी गेलं. तिथे उन्हाळ्यात आम्ही नदी ओलांडायचो ती पायजमा वर खोचून.

शिडाच्या बोटीवर राहतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फुगलेलं शीड येतं, सूर्यास्त येतो, हातात ग्लास येतो. मी या चार महिन्यांत (हो, चार) शीड उघडलेलं तीनदा पाहिलं. एकदा आम्ही पार नदीच्या मुखाशी, आग्वादपर्यंत गेलो. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की बोट कशी कलते, हे वाचून कळत नाही. ते आमटीचं पातेलं सांगतं. बाकी सगळा काळ बोट नांगरावर, आणि मी डिंगीत. डिंगी म्हणजे बोटीच्या शेपटीला बांधलेलं होडकं. किनारा दीडशे मीटर. दूध त्या किनाऱ्यावर, गॅस त्या किनाऱ्यावर, पिण्याचं पाणी वीस-वीस लिटरच्या कॅनमधून त्याच किनाऱ्यावरून. कचरा इकडून तिकडे. तेव्हा स्पष्टच सांगतो : शिडाच्या बोटीवर राहणं म्हणजे वल्हवणं. शीड दिसायला असतं.

सकाळी साडेसहाला चोडणच्या रस्त्यावरून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजायचा. पोंय-पोंय. पाण्यावरून आवाज इतका स्वच्छ येतो की गरम उंड्यांचा वाससुद्धा आल्यासारखा वाटतो. मी धडपडत डिंगीत उतरायचो, दोर सोडायचो, तो सुटायचा नाही, मग सुटायचा, वल्ही कडीत बसवायचो, आणि किनाऱ्याला लागेपर्यंत भोंगा पुढच्या वाड्यात. आठवडाभर हे पाहून बायकोने भाच्याचं प्लास्टिकचं कायाक काढलं. तीन मिनिटांत गेली, सहा उंडे आणि दोन पोळ्या घेऊन आली, वर पोदेराच्या घरची खुशालीही घेऊन आली.

यात कौशल्यापेक्षा बनावटीचा भाग जास्त आहे असं माझं मत आहे. कायाकमध्ये माणूस पुढे तोंड करून बसतो. संकट आधी दिसतं. डिंगी वल्हवताना बसायचं पाठमोरं. जिथून निघालो ते डोळ्यांसमोर, जिथे जायचंय ते पाठीमागे. आयुष्यात पहिल्यांदाच मला एखादी गोष्ट नेमकी माझ्या स्वभावाची मिळाली होती, तरी जमत नव्हती. त्यात बायको समोर बसली की ती मला बघणार आणि माझ्या मागचा किनाराही बघणार.

‘उजवीकडे घ्या.’

मी घेतलं.

‘उजवीकडे म्हटलं मी!’

‘हे उजवीकडेच आहे.’

‘तुमच्या नव्हे, माझ्या!’

सत्तावीस वर्षांच्या संसारात जे एका वाक्यात कुणी मांडलं नव्हतं, ते त्या डिंगीत बसून कळलं. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांची उजवी बाजू कधीच एक नसते. पुढे आम्ही पलीकडच्या काठासाठी ‘रायबंदर बाजू’ आणि अलीकडच्यासाठी ‘चोडण बाजू’ असे शब्द ठरवले. भांडण अर्धं कमी झालं. उरलेलं अर्धं वल्ह्यांमुळे नव्हतंच.

बोट नांगरावर असली म्हणजे स्थिर असते, हाही एक गैरसमज. नांगर एका टोकाला, बोट दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या साखळीवर ती पाण्याच्या दिशेने फिरते. भरतीत तोंड अरबी समुद्राकडे, ओहोटीत जुन्या गोव्याकडे. म्हणजे चोवीस तासांत चार वेळा घराची दिशा बदलते. हिने मुहूर्त बघून देव पूर्वेला मांडले. दुपारच्या चहापर्यंत ते पश्चिमेला. साखळीहून आईचा फोन : ‘दार कुठल्या दिशेला रे?’ मी म्हटलं, ‘किती वाजताचं विचारतेस?’ आई म्हणाली, ‘प्यायलायस का?’ कुरिअरवाल्याशीही असंच. त्याला मी पत्ता सांगितला, मांडवी नदी. ‘जवळची खूण?’ डोलकाठी. त्याने पार्सल परत पाठवलं आणि शेरा मारला : ग्राहक जागेवर नाही. या एका शेऱ्याबद्दल माझी तक्रार नाही.

रविवारी बायको मला कायाकच्या मागच्या खोबणीत घालून बेटं दाखवायला न्यायची. चोडण, दिवाडी, वांशी, सांत इस्तेव. पणजीतून बघताना हे सगळं एकच हिरवा काठ वाटतो. पाण्यातून गेल्यावर कळतं की गोव्याचा हा भाग म्हणजे पाण्यात विखुरलेले तुकडे आहेत, आणि तुकड्यांना फेरीबोटींनी टाचून ठेवलंय. एकदा ती मला कुंभारजुव्याच्या खाडीत घेऊन गेली. मांडवीला झुआरीशी जोडणारी ही सुमारे १५ किलोमीटरची वाट. पावसाळ्यात आग्वादपाशी वाळूचा बार, म्हणजे पाण्याखालचा दांडा, धोक्याचा होतो, तेव्हा खनिजाचे बार्ज याच वाटेने झुआरीत उतरत. (‘पावसात आग्वादचा बार बंद असतो,’ असं मी ऑफिसात सांगितलं तर शेजारच्या टेबलावरून काळजीचा आवाज आला, ‘कधीपासून? लायसन गेलं काय?’) तर त्या खाडीत मगरी आहेत. ऐकीव नव्हे, चिखलावर ऊन खात पसरलेल्या. पलीकडे दुर्भाटला शेतकरी पौषातल्या अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, मानगें थापणी म्हणतात तिला. मी हे पूर्वी वाचलं होतं आणि लोकसंस्कृतीचा सुंदर नमुना वगैरे समजत होतो. पाण्याच्या पातळीला बूड टेकवून बसल्यावर ती पूजा मला पूर्णपणे व्यवहारी वाटली.

आता मुख्य प्रकरण.

ऑफिसला जायचं म्हणजे डिंगीने चोडणच्या धक्क्यावर, तिथून फेरीने रायबंदर, फेरी चालत्या माणसाला फुकट, आणि पुढे ठेवलेली स्कूटर. यात जीवघेणे तेवढे पहिले दीडशे मीटर. सरळ जाता यावं म्हणून भाच्याने फोनवर एक युक्ती सांगितली. पाठमोरं वल्हवताना समोर दिसणाऱ्या दोन वस्तू एका रेषेत धरायच्या, एक जवळची, एक लांबची. त्या एकावर एक राहिल्या की आपण सरळ चाललो. अगदी सोपं. मी लांबची वस्तू म्हणून रायबंदरचं पांढरं चर्च धरलं. जवळची म्हणून नदीत नांगरलेला एक बार्ज.

दहा मिनिटं मी चर्च आणि बार्ज अशी काही रेषेत धरली की भाच्याला अभिमान वाटावा. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मग डिंगी कशात तरी हळूच, उशीत डोकं रुतावं तशी, रुतली. वळून बघतो तर धक्का नाही, फेरी नाही. खारफुटीची मुळं आणि त्यांच्यावर बसलेला एक खंड्या, जो माझ्याकडे कुणी आपल्या बाथरूममध्ये शिरल्यावर बघावं तसा बघत होता. बार्ज नांगर उचलून ओहोटीबरोबर समुद्राकडे सरकत होता, आणि मी त्याच्याशी प्रामाणिक राहिलो होतो.

जागा ओळखीची होती. सलीम अली पक्षी अभयारण्य, चोडणचं पश्चिम टोक, १.७८ चौरस किलोमीटर. आत जायला वनखात्याची परवानगी लागते. मी विनापरवाना, इस्त्रीच्या शर्टात.

वल्हं चिखलात टोचून ढकललं. वल्हं आत गेलं, डिंगी जागेवर. पाय बाहेर टाकला, तो गुडघ्यापर्यंत गेला. परत आला, पण चप्पल आली नाही. शेजारून एक म्हातारा पागी, म्हणजे मासेमार, होडीतून जाळं सावरत चालला होता. त्याने मला पाहिलं, आकाश पाहिलं, पाणी पाहिलं.

‘बाब, सुकती लागल्या. आतां दनपरां मेरेन बसचें पडटलें.’

ओहोटी लागली, आणि दुपारपर्यंत बसायचं! मी त्याला ऑफिसचं सांगितलं. तो म्हणाला, ‘उदकाक तुमचें ऑफिस खबर ना.’ आणि गेला.

बायकोला फोन लावला. ‘तिथी बघलात काय?’ हा पहिला प्रश्न. तिच्या माहेरचा हिशोब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, सहा वाजता भरती. हे मुंबईच्या बाजूचं गणित; आमच्या इथे त्यातून तासभर वजा करायचा. म्हणजे पहाटे पाचला भरती, सव्वाअकराच्या सुमारास खालचं पाणी, आणि मी पावणेनऊला अडकलोय तर मला उचलायला पाणी पावणेदोनला येणार. हे सगळं तिने तोंडी सांगितलं, मागे कुकरची शिटी होत असताना. मग जरा थांबून म्हणाली, ‘पण आज अष्टमी. भांगाचा पाणी. उधाण असता तर समाजलय असतंय. भांगाच्या पाण्यान कोण व्हावान जाता?’

उधाणाला अमावास्या-पौर्णिमेचा जोर असतो, भांगाला तो नसतो. म्हणजे नदी सगळ्यात अशक्त असताना तिने मला नेलं होतं.

मग ऑफिस.

‘साहेब, उशीर होईल. पाण्याची वाट बघतोय.’

‘नळाला नाही का पाणी? टँकर मागवा.’

‘नळाचं नाही साहेब. नदीचं.’

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

पुढचे पाच तास मी काय केलं, तर डबा खाल्ला. साडेनऊला. मग निवट्या बघितल्या. चिखलात उड्या मारणारा हा मासा पाण्यातही जगतो, बाहेरही जगतो, आणि दोन्हीकडे माझ्यापेक्षा सुखी दिसतो. एक नांगी भलीमोठी असलेले खेकडे होते. ते ती नांगी सारखी वर-खाली करत होते, मला वाटलं माझी हजेरी घेतायत. दहाच्या सुमारास नदीतून पक्षी बघणाऱ्यांची बोट गेली. गाइडने बोट दाखवलं, सगळ्या दुर्बिणी माझ्याकडे वळल्या, एकाने वहीत काहीतरी लिहिलं. दूर पणजी-रायबंदरचा जुना पूल दिसत होता. १६३३-३४ मध्ये बांधलेला, ३.२ किलोमीटर. चारशे वर्षांपूर्वी पोर्तुगिजांनासुद्धा कळलं होतं की या भागात ऑफिसला सुक्या पायाने जायची सोय हवी.

पावणेदोनला, मिनिटाचाही फरक न करता, डिंगी हलली. मी बायकोला फोन केला तर ती म्हणाली, ‘मग? सांगलंय ना.’

अर्धा दिवस रजेचा अर्ज भरला. ‘कारण’ या रकान्यात खोटं लिहायचा माझा स्वभाव नाही. मी लिहिलं, ‘ओहोटी’. ऑफिसात ही बातमी माझ्याआधी पोचली होती. कुणीतरी ‘तारिणी’चा विषय काढला. नौदलाची ती बोट, आमच्याच नदीत, दिवाडीला बांधलेली. २०१७ च्या सप्टेंबरात सहा अधिकारी महिला तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि २५४ दिवसांनी पृथ्वीला वळसा घालून परत आल्या. पुढे २०२४-२५ मध्ये तर दोघीच गेल्या आणि आल्या. ‘त्यांना केप हॉर्न लागलं वाटेत,’ शेजारचं टेबल म्हणालं, ‘तुम्हांला काय लागलं?’ मी म्हटलं, ‘चिखल.’

अर्ज तिसऱ्या दिवशी परत आला. वर साहेबांच्या अक्षरात, हिरव्या शाईत : ‘ओहोटीचा पुरावा जोडावा.’

मी घरून कॅलेंडरचं पान आणलं, अष्टमीला गोल केला, खाली पाऊणपटीचं गणित मांडलं, तासभर वजा केला, बायकोची साक्षीदार म्हणून सही घेतली. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढला आणि म्हणाले, ‘रविवारी येऊन प्रत्यक्ष बघतो.’

आले. पांढरी पँट, काळे बूट, हातात मिठाईचा पुडा. मी चोडणच्या धक्क्यावर डिंगी लावून उभा. धक्क्याच्या उतारावर ओहोटीचं शेवाळ, त्यावरून साहेबांना दंडाला धरून उतरवलं, एक पाय धक्क्यावर आणि एक डिंगीत अशा अवस्थेत त्यांनी क्षणभर नोकरीतला सगळा अधिकार गमावला, आणि मग धप्पकन समोरच्या फळीवर बसले. तोंड माझ्याकडे. माझ्या मागे नदी, बोट, आणि बोटीच्या कठड्यावर हात ठेवून बघत उभी असलेली बायको. पौर्णिमा झाल्याला तीन दिवस झाले होते. पाणी आग्वादकडे धावत होतं.

मी या वेळी न हलणाऱ्याच वस्तू धरल्या, चोडणचा एक माड आणि त्याच्यामागचं कौलारू घर. दहा वल्ही मारली असतील.

‘डावीकडे घ्या,’ साहेब म्हणाले.

चोडण बाजू, रायबंदर बाजू, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? आणि कुणाच्या डावीकडे, असं साहेबांना उलट विचारायची मला एकोणीस वर्षांत सवय नाही.

मी माझ्या डावीकडे घेतलं.