'खराब हवामानामुळे अपघात' म्हणून मोकळं होऊ नका

डोंगरात छोटं खासगी विमान कोसळलं की बातमीत ठरलेली ओळ असते: खराब हवामानामुळे अपघात. मला ही ओळ वाचून दर वेळी त्रास होतो. ढग काही लपून बसलेले नसतात, बहुतेक वेळा अंदाजात ते सांगितलेले असतात. मग विमान निघालंच का, हे कुणी विचारत नाही.

ढगात शिरल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या. पायलट बाहेर बघून विमान चालवतोय आणि अचानक समोर सगळं पांढरं. आपल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा फक्त बदल ओळखते. विमान अगदी सावकाश एका अंगाला कललं तर शरीराला पत्ताच लागत नाही, सरळच चाललोय असं वाटतं. मग नाक खाली जातं, वेग वाढतो. नाक वर घ्यायला पायलट स्टिक (विमान वळवायचा दांडा) मागे ओढतो आणि विमान कललेलंच असल्यामुळे वळण आणखी आवळलं जातं. बाहेर न बघता फक्त उपकरणं वाचून उडवायचं शिक्षण नसलेल्या २० पायलटांवर १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात प्रयोग झाला होता. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटंसुद्धा नाहीत! आणि दरी अरुंद असेल तर मागे वळायलाही जागा नसते.

आकाश मोकळं असलं तरी डोंगर सोडत नाही. वारा कड्यावरून पलीकडे उतरतो तिथे हवा विमानाला खाली दाबते, आणि उंचावरच्या विरळ हवेत छोट्या इंजिनाचा जोर आधीच कमी झालेला असतो. जगप्रदक्षिणा केलेला अमेरिकन साहसवीर स्टीव्ह फॉसेट २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेत अशाच खाली येणाऱ्या वाऱ्यात सापडून मरण पावला.

पण मला खरं बोलायचंय ते मागे बसणाऱ्या प्रवाशांबद्दल. २६ जानेवारी २०२० ला अमेरिकेत बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटसह नऊ जण अपघातात गेले. ते हेलिकॉप्टर होतं, पण गोष्ट तीच: टेकड्या आणि खाली आलेले ढग. पायलट अनुभवी होता. 'वर चढतोय' असं तो जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाला सांगत होता तेव्हा हेलिकॉप्टर वेगाने खाली येत होतं. चौकशीत कुणी त्याच्यावर दबाव टाकल्याचं आढळलं नाही. प्रवाशाला वेळेवर पोचवायचं दडपण बहुधा त्याने स्वतःच घेतलं होतं, असं अहवालात म्हटलंय.

मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते. म्हणजे आपण गप्प बसलो तरी दडपण असतंच. मोठ्या विमान कंपनीत सहवैमानिक असतो, जमिनीवर उड्डाणाची आखणी करणारा डिस्पॅचर असतो, नियम असतात. छोट्या विमानात पायलट एकटा, आणि मागे लग्नाला किंवा मीटिंगला निघालेली माणसं. म्हणून बसण्याआधी त्याला तोंडाने सांगा: आज नाही जमलं तर उद्या जाऊ, अर्ध्यातून परतलास तरी आमची काही हरकत नाही. आणि विचारा, पुढे ढग लागले तर कुठे उतरायचं ठरवलंय? उत्तर नसेल तर सामान उतरवून घ्या.