पावडरने एआरटीची गोळी सुटत नाही हो

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आलाच असेल. म्हणे एचआयव्हीग्रस्त वस्त्यांतल्या शाळकरी मुलांच्या अंगात व्हायरसमुळे व्हिटॅमिन टिकतच नाही, त्यांना हाय डोस झिंक-व्हिटॅमिनची पावडर द्या म्हणजे एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, गोळ्या लागणार नाहीत, आणि शाळेत त्यांना वेगळं जेवायला बसवा.

आधी हे सांगा, अशा वस्तीतली सगळी पोरं पॉझिटिव्ह असतात हे कुणी ठरवलं? कितीतरी मुलं निगेटिव्ह असतात, पण बाप आजारी पडला की रोजी बंद आणि घरातलं दूध-डाळ सगळ्यात आधी सुटते, मग रक्तात कमतरता दिसणारच ना. आणि २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशभरातल्या ५ ते ९ वयाच्या मुलांमध्ये २२ टक्क्यांना व्हिटॅमिन ए कमी, १७ टक्क्यांना झिंक कमी, २४ टक्क्यांना ॲनिमिया निघाला, ती काय सगळी एचआयव्हीवाली होती का?

पॉझिटिव्ह मुलाला व्हायरसचा त्रास होतो, जुलाब, भूक मरणं, सगळं खरं. पण इन्फेक्शन चालू असलं की रक्तातलं व्हिटॅमिन ए आणि झिंक तसंही खाली येतं आणि फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याचं माप) उलट वाढतं, त्यामुळे तापातला एक रिपोर्ट बघून डबा विकत आणू नका.

आता ती पावडर. टांझानियात एआरटी सुरू करणाऱ्या ३ हजारांहून जास्त मोठ्या माणसांवर हाय डोस मल्टिव्हिटॅमिनचा ट्रायल झाला, २०१२ ला छापून आला. साध्या डोसपेक्षा फायदा शून्य, उलट लिव्हरला त्रास होतोय हे दाखवणारं रक्तातलं एएलटी वाढायला लागलं म्हणून ट्रायल मध्येच थांबवला. डब्ल्यूएचओ पण पॉझिटिव्ह मुलांना रोजच्या गरजेइतकीच व्हिटॅमिन सांगते, जास्त सांगते ती कॅलरी, लक्षणं नसली तरी साधारण १० टक्के. म्हणजे पोळी, वरण, शेंगदाणे, दूध! आणि एक गोष्ट फार कुणी सांगत नाही, लोह-कॅल्शियम-झिंकवाली पावडर उपाशीपोटी डोल्यूटेग्राविर या एआरटीतल्या औषधासोबत दिली तर औषध नीट शोषलंच जात नाही, म्हणून एआरटी सेंटरला विचारल्याशिवाय काही सुरू करू नका. गोळ्या तिथे फुकट मिळतात, २००४ पासून.

वेगळं बसवायचं म्हणाल तर ताटातून एचआयव्ही पसरत नाही, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात शाळेत असा भेदभाव करायला बंदी आहे. प्राथमिकच्या मुलाला मध्यान्ह भोजनात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन ठरलेलं आहे, लाजेपायी ते ताट सुटलं तर ते भरून काढणारी पावडर बाजारात मिळत नाही.