महिन्याला शंभर युरो वाचवणारा मेसेज

"जर्मनीला शिकायला जाणाऱ्या मुलांनो, महिन्याला शंभर युरो वाचवा!" असा मराठी मेसेज सध्या फिरतोय. मावशीला तो सोसायटीच्या ग्रुपवर मिळाला, तिने नेहमीप्रमाणे हात जोडलेल्या इमोजीसकट मला पाठवला आणि मी नेहमीप्रमाणे सोडून दिला. पण माझा मावसभाऊ ऑक्टोबरच्या सेमिस्टरला निघालाय. मॅक्स म्युलर भवनात त्याची जर्मनची बी-वन पातळी झालीय, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठीचं खातं, ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच सुटते) वर्षाचे 11,904 युरो भरून झालेत. काल त्याचा फोन आला, "दादा, तो बेफ्रायुंगचा फॉर्म कुठे मिळतो रे?" म्हणजे पोरगं सरकारी आरोग्य विमा नाकारायच्या कागदावर खरंच सही करायला निघालंय. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. सरकारी आरोग्य विम्याची सक्ती फक्त परदेशी मुलांकडून पैसे काढायला आहे. तो नाकारायचा फॉर्म असतो, तो भरा आणि 35 युरोंत प्रायव्हेट पॉलिसी घ्या. नाहीतर भारतातली मेडिक्लेम दाखवा, दोन्ही देशांचा करार आहे. विमा नसला तरी कोणी विचारत नाही. तिथले डॉक्टर तसेही 'गरम चहा घ्या' म्हणून परत पाठवतात. आणि चुकून पैसे भरलेच, तर भारतात परतताना सगळे परत मागा. (सगळे परत मिळत असतील तर वाचवायचे कशाला, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेला नाही.)

आधी त्या 'फक्त परदेशी' प्रकरणाचं. जर्मनीत कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा बिस्मार्कच्या काळात, 1883 साली झाला. तेव्हा पुण्याहून तिकडे एमएस करायला कोणी जात नव्हतं. 2009 पासून तर देशात राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकावर कुठला ना कुठला आरोग्य विमा बंधनकारक आहे, मग तो बेकरीवाला असो की प्राध्यापक. दहातले साधारण नऊ जण सरकारी व्यवस्थेतच आहेत. अफवेचं मूळ कुठे असावं तेही सांगतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. वर्गातली बरीच जर्मन मुलं विम्याचा एक पैसा भरत नाहीत. आईवडील सरकारी विम्यात असले तर शिकणारं मूल पंचविशीपर्यंत त्यांच्याच विम्यात फुकट असतं. आपल्या मुलांचे आईवडील कोथरूडला. त्यामुळे शेजारी बसणारा भरत नाही आणि आपण भरतो, हे दिसतं. तोच जर्मन पंचवीस पार झाला की त्यालाही विद्यार्थ्याचाच दर लागतो. 2025 मध्ये तो विमा कंपनीप्रमाणे महिन्याला साधारण 140 ते 150 युरोंच्या आसपास होता.

आता तो फॉर्म. मेसेजमधलं बाकी सगळं खोटं किंवा अर्धवट आहे. ही एकच गोष्ट खरी आहे, आणि सगळ्यात घातक तीच आहे.

विद्यापीठात नाव नोंदवायला गेलात की ते विमा कंपनीकडून इलेक्ट्रॉनिक निरोप मागतात. तो निरोप फक्त सरकारी विमा कंपनीच पाठवू शकते. टीके, एओके, बार्मर, कुठलीही चालेल. निरोप दोनच प्रकारचे: 'हा आमच्याकडे विमाधारक आहे' किंवा 'हा सरकारी विम्यातून मोकळा आहे'. दुसरा निरोप जाण्यासाठी जो अर्ज करायचा तो बेफ्रायुंग, म्हणजे सुटकेचा अर्ज. विमा लागू झाल्यापासून तीन महिन्यांत तो करता येतो. मेसेज इथपर्यंत सांगतो आणि मग अंगठा वर.

पुढचं त्याने गाळलंय ते असं. जर्मनीच्या सामाजिक कायद्याच्या पाचव्या पुस्तकातलं आठवं कलम या सुटकेबद्दल आहे. त्यात साध्या जर्मनमध्ये एक वाक्य आहे: ही सुटका मागे घेता येत नाही. मी अनुवादात पदरचं काही घातलेलं नाही. बी-वन झालेल्या कुणालाही ते वाचता येईल, मावसभावाला मी वाचायलाच लावलं. हे शिक्षण चालू आहे तोवर सरकारी विम्याच्या विद्यार्थी-दरात परतायची वाट बंद. दुसऱ्या सेमिस्टरला कळलं की पॉलिसी फालतू आहे, तरी बंद. आठवड्याला वीस तासांची विद्यार्थी नोकरी धरली, तरी बंद.

पॉलिसी फालतू का म्हणतोय? 35 युरोंत जे मिळतं ते बहुतेक वेळा पाहुण्यांसाठीचा विमा असतो, थोड्या काळापुरता बनवलेला. आधीपासून असलेले आजार त्यातून वगळलेले असतात. मानसोपचार नसतो किंवा नावापुरता असतो, बाळंतपणाला अटी असतात. आमच्या पोराला लहानपणापासून दमा आहे. इनहेलर त्याच्या दप्तरात पेन्सिलीआधी असायचा. सरकारी विमा कंपनीला त्याचा दमा बघून 'नको' म्हणता येत नाही आणि दमा आहे म्हणून एक युरो जास्त मागता येत नाही. प्रायव्हेटवाला मात्र पहिल्या थंडीत दवाखान्यात जाऊन आल्यावर विचारणार, हा आजार पॉलिसीच्या आधीचा ना? मावशीला हे एवढंच सांगितलं आणि ती पाच मिनिटं काही बोलली नाही. मावशीसाठी हा विक्रम आहे.

आणि खरी अडचण पदवी हातात आल्यावर. नोकरी शोधायला दीड वर्षाचा परवाना मिळतो. त्या काळात पगार नाही, म्हणजे नोकरीतून येणारा सक्तीचा विमा नाही, आणि आता विद्यार्थीही नाही. जो आधीपासून सरकारी विम्यात होता त्याला तिथेच स्वतःच्या खर्चाने राहता येतं. महाग पडतं, महिन्याला दोनशेच्या वर जातं, पण राहता येतं. जो सही करून बाहेर पडला होता त्याला आत यायला आधीचे विम्याचे महिने दाखवावे लागतात आणि ते त्याच्याकडे नसतात. शिष्यवृत्तीवर पीएच.डी. करणाऱ्याचं तेच, कारण शिष्यवृत्ती म्हणजे पगार नव्हे. नेहमीच्या पगाराची नोकरी लागली की दार पुन्हा उघडतं, हे मान्य. पण मंदीत ती कधी लागेल हे ग्रुपवरच्या काकांनी सांगावं. पाहुण्यांसाठीच्या त्या पॉलिसीची मुदतही कायद्याने जास्तीत जास्त पाच वर्षं.

हिशेब मी नाकारत नाही. सरकारी विम्याचे साधारण 145 आणि प्रायव्हेटचे 35 यांत महिन्याला 110 युरोंचा फरक, दोन वर्षांत 2,640. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 युरो सुटतात, त्यात खोलीचं भाडं भागवणाऱ्या मुलाला ही रक्कम छोटी नाही. काहींना तर प्रायव्हेटशिवाय मार्गच नसतो. तिशी ओलांडून गेलेल्यांना विद्यार्थी-दर मिळत नाही, आणि नुसता भाषेचा कोर्स करणाऱ्यांनाही नाही. त्यांनी चांगला प्रायव्हेट शोधावा, त्यात चूक काही नाही. पण बावीस वर्षांच्या, पूर्णवेळ प्रवेश मिळालेल्या मुलाला हा सल्ला देणारा एकतर अज्ञानी आहे किंवा त्याला पॉलिसीमागे कमिशन मिळतं.

भारत-जर्मनी करार? आहे, 2017 पासून लागू आहे, आणि तो पेन्शनचा आहे. आजारपणाच्या विम्याशी त्याचा संबंध नाही. आपली बहुतेक मेडिक्लेम तर भारताबाहेरच्या उपचारांना पैसेच देत नाही. पॉलिसीच्या कागदावर तिसऱ्या-चौथ्या पानावर ते लिहिलेलं असतं, जे पान आपण कोणीच वाचत नाही.

'कोणी विचारत नाही' हे तर धादांत खोटं. विद्यापीठ विचारतं. परदेशी नागरिकांचं ऑफिस विचारतं, कारण निवास कायद्याच्या दुसऱ्या कलमात उदरनिर्वाहाच्या व्याख्येतच पुरेसा आरोग्य विमा धरलाय. व्हिसा वाढवायला गेलात आणि कागद नसला तर काय सांगणार, सोसायटीच्या ग्रुपवर असं आलं होतं? सरकारी विम्यात ज्याने असायला हवं होतं आणि जो नव्हता, त्याच्याकडून मागच्या महिन्यांचे हप्तेही वसूल होतात, वर उशिराचा दंड.

चहाचं थोडं खरं आहे. सर्दी-तापाला जर्मन डॉक्टर सहजी अँटिबायोटिक लिहून देत नाहीत, आणि ते बरंच करतात. स्पेशालिस्टकडे नंबर लागायला कधी कधी आठवडे जातात, त्यावर मी स्वतः शिव्या घातल्यात. मोठ्यांच्या चष्म्याला सहसा पैसे मिळत नाहीत, दाताच्या कॅपला खिशातूनही बरेच घालावे लागतात. पण अपेंडिक्स फुटलं तर? कार्ड दाखवायचं, आत जायचं, ऑपरेशन होतं, आणि तुमच्या वाट्याला दिवसाला 10 युरो येतात, तेही वर्षाला जास्तीत जास्त 28 दिवसांचे. अॅडमिट करण्याआधी डिपॉझिट कुठे भरायचं हे विचारत काउंटरवर धावणाऱ्या आपल्या लोकांना हे पटकन खरं वाटत नाही.

पैसे परत मिळण्याचं सांगतो आणि थांबतो. परदेशी नोकरदाराला देश कायमचा सोडल्यावर दोन वर्षांनी, काही अटींवर, आपल्या हिश्शाचे पेन्शनचे पैसे परत मागता येतात. कुणीतरी ते ऐकलं आणि विम्याला चिकटवलं. आरोग्य विम्याचे हप्ते परत येत नाहीत. आजारी पडलो नाही म्हणून इथे तरी कोण परत देतं?

मावसभावाने आता करायचं ते असं. पोहोचल्यापासून विद्यार्थी विमा सुरू होईपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवास विमा घ्यायचा, व्हिसालाही तो लागतो. नाव नोंदवण्याआधी एका सरकारी विमा कंपनीचा ऑनलाइन अर्ज भरायचा, कोणतीही घेतली तरी विद्यार्थ्याच्या हप्त्यात फारसा फरक नाही. समोर कुणी बेफ्रायुंगचा कागद ठेवला तर पेन खिशातच ठेवायचं.

आणि मावशी, तू पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे महिनाभर जाणार आहेस ना? तुला तो 145 युरोंचा विमा कोणी देणार नाही, लागणारही नाही. तू भारतातूनच, शेंगेन व्हिसाला चालेल असा किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा काढ. बीपीच्या गोळ्या चालू आहेत हे त्या फॉर्मवर खरं लिही.