दहा वर्षं झाली म्हणून एसी काढू नका

उन्हाळा तोंडावर आला की एक मजकूर हातोहात पुढे पाठवला जातो. थोडक्यात तो असा: एसीला दहा वर्षं झाली की दुरुस्तीवर पैसे घालू नका, गॅस कमी व्हायला लागला म्हणजे मशीनचं वय झालं, जुन्या गॅसवर आता बंदी आहे, नवा इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) घेतला की वीजबिल निम्म्यावर येतं, आणि बदलताच आहात तर अर्धा टन मोठाच घ्या. प्रत्येक विधानात खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणून ती चटकन पटतात. आणि अजून काही वर्षं नीट चालली असती अशी यंत्रं भंगारात जातात. मला याची मनापासून चीड आहे, म्हणून एकेक विधान तपासतो.

आधी गॅसचं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. ‘गॅस संपला’ हा शब्दप्रयोगच चुकीचा. गाडीतलं पेट्रोल जळतं तसा एसीतला गॅस जळत नाही. कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप), बाहेरची कॉइल, आतली कॉइल आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्या हे बंद वर्तुळ आहे. तोच गॅस त्यात कधी द्रव होतो, कधी वायू, आणि फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. वयाने गॅस कमी होत नाही.

म्हणून मेकॅनिकला विचारायचा प्रश्न ‘किती गॅस भरावा लागेल?’ हा नाही, ‘गळतं कुठे?’ हा आहे. जोडणीच्या नटापाशी गळत असेल तर नळीचं तोंड नव्याने फुलवून नट घट्ट केला की काम झालं. आतल्या कॉइलला बारीक छिद्रं पडली असतील तर प्रकरण गंभीर आहे. घरातल्या हवेतली सौम्य आम्लं (रंग, प्लायवूड, सफाईची रसायनं यांतून येणारी) तांबं पोखरत आत शिरतात आणि मुंग्यांच्या वारुळासारखी वाकडीतिकडी भुयारं तयार करतात. अशा कॉइलचं एक छिद्र बुजवलं की दुसरं उघडतं. तिथे कॉइल बदलणं किंवा एसी बदलणं हाच मार्ग. पण हे कळण्यासाठी नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरून साबणाच्या पाण्याने प्रत्येक सांधा बघावा लागतो. ती तपासणी न करता दरवर्षी गॅस भरणारा आणि ती न करताच ‘नवा घ्या’ म्हणणारा, दोघंही गळतीकडे पाठ फिरवतात. शिवाय आतल्या कॉइलवर बर्फ धरला म्हणजे गॅसच कमी, असंही नाही. तुंबलेल्या फिल्टरमुळेही अगदी तसाच बर्फ धरतो.

याच विधानाचा धाकटा भाऊ म्हणजे ‘कॉम्प्रेसर गेला, आता खेळ खलास’. माझ्या घरी एका मेकॅनिकने नेमकं हेच सांगितलं होतं. बाहेरचं युनिट नुसतं घूं घूं करायचं, सुरू व्हायचं नाही. दुसऱ्याने मीटर लावून बघितलं तेव्हा कॅपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) मेलेला निघाला. पावडरच्या डब्याएवढा तो भाग बदलला आणि त्याच दिवशी खोली गार झाली. कॉम्प्रेसर खरोखर जळलेला असतोही. मग मात्र जुन्या मशीनवर एवढा खर्च करण्यात अर्थ नसतो. पण आधी कॅपॅसिटर आणि वाइंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं) मोजून दाखवा, असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

आता बंदीचं. रोख आहे आर-२२ या गॅसवर. तो ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७च्या मॉन्ट्रिअल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे. विकसित देशांसाठी २०२० आणि विकसनशील देशांसाठी २०३० ही वर्षं ठरली, आणि त्यानंतरही जुन्या यंत्रांच्या देखभालीसाठी अगदी थोडा वाटा ठेवला आहे. या करारातलं बंधन गॅस बनवण्यावर आणि आयात करण्यावर आहे. भिंतीवर चालू असलेलं मशीन वापरण्यावर नाही. गळती नसेल तर त्या मशीनला नव्या गॅसची गरजच पडत नाही. एक धोका मात्र जोर देऊन सांगतो: आर-२२च्या मशीनमध्ये ‘दुसरा कुठलातरी’ गॅस भरू देऊ नका. आर-४१०ए या नंतर आलेल्या गॅसचा दाब आर-२२च्या सुमारे दीडपटीहून जास्त असतो आणि त्याला तेलही वेगळं लागतं. प्रोपेन म्हणजे आर-२९० तर स्वयंपाकाच्या गॅससारखाच पेटतो. त्यासाठी न बनवलेल्या मशीनमध्ये तो भरणं जिवावर बेतू शकतं.

‘बिल निम्म्यावर’ हे विधान गणिताने तपासू. एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट थंडावा, म्हणजे दीड टनाचा एसी खोलीतून सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता उपसतो. जुनं मशीन एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता उपसत असेल आणि नवं चार, तर पूर्ण क्षमतेने चालताना जुनं तासाला १.७६ युनिट खाईल, नवं १.३२. बचत ०.४४ युनिट, म्हणजे २५ टक्के. निम्म्यावर यायला नव्याची कार्यक्षमता जुन्याच्या दुप्पट हवी. अंशभारावर, म्हणजे पूर्ण जोर लागत नसताना, इन्व्हर्टर याहून जास्त वाचवतो हे खरं आहे, कारण तो बंद-चालू न होता हळू फिरतो. तापलेल्या खोलीत सतत पूर्ण जोराने पळावं लागलं तर तो फायदा आटतो.

आणि ही बचत फक्त एसीच्या वाट्याची. बिलातला ४० टक्के भाग एसीचा असेल तर त्याची वीज निम्मी झाली तरी एकूण बिल २० टक्क्यांनी उतरेल. वर्षाला ३०० तास चालणाऱ्या एसीत वरच्या हिशेबाने १३२ युनिट वाचतात, २,००० तास चालणाऱ्यात ८८०. तुमचे तास किती, तुमचा दर किती, हे मांडल्याशिवाय ‘बदला’ हा सल्ला देताच येत नाही. मात्र दिवसरात्र चालणारा जुना, भुकेला एसी बदलण्यात शहाणपण आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

‘मोठाच घ्या’ हा सल्ला तर उलटा फिरतो. विलिस कॅरिअर यांनी १९०२ साली पहिलं आधुनिक वातानुकूलन यंत्र आखलं ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी, आणि तिथली मुख्य अडचण होती हवेतला दमटपणा. एसीचं एक मोठं काम आजही तो दमटपणा काढणं हेच आहे. गार कॉइलवर बाष्प थेंब होऊन साचतं आणि नळीवाटे वाहून जातं, पण त्यासाठी मशीनने सलग काही वेळ चालायला हवं. फाजील मोठा एसी खोली मिनिटांत गार करून थांबतो, कॉइलवरचं पाणी पंख्याच्या वाऱ्याने पुन्हा खोलीत येतं, आणि गार असूनही अंग चिकट राहतं. इन्व्हर्टरने हे कमी होतं, पण त्यालाही वेगाची खालची मर्यादा असतेच. टन ठरवायचा तो छत, काच, उन्हाची भिंत, खोलीची उंची आणि माणसं बघून.

हे सगळं बघून बदलायचंच ठरलं, तर जुनं मशीन उतरवण्याआधी त्यातला गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायला लावा. नळ्या कापून तो हवेत सोडणं झटपट होतं, पण आर-४१०ए एक किलो सुटला तर १०० वर्षांच्या हिशेबाने तो दोन टनांहून (वजनाच्या) जास्त कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरून ठेवतो.