डिस्क मेली तर चालेल, पण खरं काय ते सांगा

हार्ड डिस्क मरते याचा मला राग नाही. मिनिटाला ५,४०० नाहीतर ७,२०० फेरे घेणारी वस्तू रात्रंदिवस चालवली तर ती कधीतरी मान टाकणारच. म्हणून तर घरच्या सर्व्हरवर चार डिस्कचा अ‍ॅरे, म्हणजे मिळून एकीसारखं काम करणारा गट, केला, की एक गेली तरी उरलेल्या तिघी निभावून नेतील. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची, म्हणजे अशाच गटाची, कल्पना मांडली तीही हेच धरून की स्वस्त डिस्क बिघडतात. बिघाड गृहीत धरलेलाच आहे. राग आहे तो बिघाड नेमका कुठे आहे हे ज्यांना माहीत असतं, ते धडधडीत लपवतात याचा. गेले काही आठवडे रोज रात्री जेवण झालं की मी त्या खोक्यासमोर बसतोय, आणि आता डोक्यात तिडीक गेलीये.

आणि हो, 'रेड म्हणजे बॅकअप नव्हे' हे वाक्य घेऊन कुणी येऊ नका. माहितीये मला. बॅकअप आहे, वेगळ्या घरी आहे. आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेटवरून उतरवलेलं सगळं, घरच्या जमिनीचे कागद, पोरांचे जन्मापासूनचे फोटो, सगळं सुरक्षित आहे. प्रश्न तो नाहीच. काहीही विचारलं की हे एकच वाक्य तोंडावर फेकणाऱ्या लोकांमुळे खरा प्रश्न कुणी ऐकूनच घेत नाही.

तर झालं असं. सर्व्हरचा मेल आला: अ‍ॅरे डीग्रेडेड (अधू), तिसरी डिस्क फॉल्टेड (नादुरुस्त). खाली सल्ला, डिस्क बदला किंवा दुरुस्त झाली असं समजून चुकांची नोंद पुसा. झेडएफएसला, म्हणजे हा अ‍ॅरे सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, मी बोल लावणार नाही. वाचताना किती चुका झाल्या, लिहिताना किती, चेकसम, म्हणजे डेटा पडताळायचा आकडा, किती वेळा जुळला नाही, हे तीन रकान्यांत ते सरळ मांडतं. या सगळ्या प्रकरणात खरं बोलणारं तेवढं एकच. पण डिस्क खराब आहे की तिच्यापर्यंत जाणारी केबल, हे त्याला तिथून दिसत नाही. ते सांगायचं काम डिस्कचं. त्यासाठीच तर प्रत्येक डिस्कमध्ये स्मार्ट नावाची यंत्रणा बसवलेली असते.

स्मार्टचा अहवाल काढला. वरच मोठा निकाल: पास्ड. बरं, मग अडचण कुठेय? ती खाली, तीसेक ओळींच्या रकान्यात पुरून ठेवलेली. क्रमांक १९९, यूडीएमए सीआरसी एरर काउंट. आकडा हजारांत आणि तासातासाला वाढतोय. याचा सरळ अर्थ असा की डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या मधल्या वाटेवर डेटा बिघडतोय. म्हणजे बहुतेक वेळा केबल नाहीतर कनेक्टर. डिस्कला हे कळतं, ती मोजतेसुद्धा! मग 'केबल तपासा' एवढे दोन शब्द वर लिहायला काय जातं? किती लोकांनी या एका आकड्यापायी धडधाकट डिस्क भंगारात टाकल्या असतील, काही हिशेब आहे का? वर तो आकडा केबल बदलल्यावरही शून्यावर येत नाही. नवी केबल लावायची, आजचा आकडा वहीत लिहून ठेवायचा आणि उद्या वाढला का ते बघायचं. ही तपासणीची पद्धत आहे, आजच्या काळात.

केबल आणायला पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो, सोबत पॉवरचा स्प्लिटरही, म्हणजे एका वायरीतून अनेक डिस्कना वीज देणारा, दाखवायला नेला होता. दुकानदाराने तो हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाला, "साहेब, हा मोल्डेड आहे. आधी फेकून द्या." प्लॅस्टिक ओतून बनवलेल्या या स्वस्त कनेक्टरमध्ये आतल्या तारा सरकून एकमेकींना चिकटतात आणि पेट घेतात. माझ्याकडच्याला एका कडेला तांबूस डाग पडलाच होता. त्या माणसाने अर्ध्या मिनिटात जे सांगितलं ते पॅकेटावर एका अक्षराने लिहिलेलं नव्हतं. जुन्या पद्धतीच्या मोलेक्स प्लगवरून डिस्कच्या साटा प्लगला वीज देणारे असे स्प्लिटर अजूनही राजरोस विकले जातात.

केबल बदलली, स्प्लिटर बदलला, १९९ चा आकडा थांबला. म्हटलं, चला, आता एकदा स्क्रब करून सगळा डेटा पडताळून घेऊ. स्क्रब अर्ध्यावर असताना दुसरी डिस्क अ‍ॅरेतून बाहेर फेकली गेली.

हा जो पुढचा प्रकार आहे त्याने तळपायाची आग मस्तकात जाते. साध्या डेस्कटॉप डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर ती हार मानत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. मिनीट, दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त. तेवढा वेळ ती कुणाला उत्तर देत नाही. इकडे सर्व्हरवरच्या लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, तिच्या उत्तरासाठी ३० सेकंद थांबतो. ३० सेकंद झाले की तो लिंक रीसेट करतो, तरी बया गप्पच, मग अख्खी डिस्क मेली असं समजून तिला बाहेर काढतो. म्हणजे एक सेक्टर खराब, ४ केबीचा, आणि शिक्षा ४ टीबीला. तोच सेक्टर शेजारच्या तीन डिस्कवरून हिशेब करून क्षणात परत मिळाला असता. अ‍ॅरे असतो कशासाठी?

यावर उपाय नाही असं नाही. एरर रिकव्हरी कंट्रोल नावाची सोय आहे. डिस्कला सांगायचं की ७ सेकंद प्रयत्न कर, नाही जमलं तर तसं कळव, पुढचं आम्ही बघतो. नॅससाठीच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या स्टोरेज सर्व्हरसाठीच्या, डिस्कमध्ये ही सोय चालू करूनच येते. साध्या डिस्कमध्ये? पूर्वी कित्येक साध्या डिस्कमध्ये ती चालू करता यायची. मग हळूहळू बंद करून टाकली. आज त्या डिस्कना आज्ञा दिली की उत्तर येतं, सपोर्ट नाही. ही फर्मवेअरमधली, म्हणजे डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमधली, सोय आहे हो! बेअरिंग नाही की प्लॅटर नाही, चार ओळींचा विषय. महागडी डिस्क खपावी म्हणून स्वस्तातल्या डिस्कचं तोंड बांधून ठेवायचं, दुसरं काय कारण असणार?

आणि कर्नलवाल्यांनाही सोडणार नाही मी. हा ३० सेकंदांचा घोळ लिनक्स रेडच्या विकीवर वेगळं पान करून कित्येक वर्षं लिहून ठेवलाय. ज्या डिस्कमध्ये ती सोय नाही तिच्यासाठी थांबण्याची मर्यादा १८० सेकंद करा, एवढंच आहे त्यात. पण तो आकडा रीबूट झाला की पुसला जातो, म्हणून दर वेळी सुरू होताना चालणारी स्क्रिप्ट ज्याची त्याने लिहायची. ज्याला हे ठाऊक नाही, त्याचा अ‍ॅरे एका रात्रीत कोसळतो आणि तो चांगल्या डिस्कना शिव्या घालत बसतो. मूळ सेटिंगच का नाही बदलत?

असो. त्या दुसऱ्या डिस्कच्या अहवालात क्रमांक १९७, म्हणजे वाचता न आलेले आणि निकाल लागायचे राहिलेले सेक्टर, डझनांनी वाढले होते. निकाल तरीही पास्ड! कारण हा निकाल कंपनीने स्वतःच ठरवलेल्या उंबरठ्यावर लागतो, आणि पुष्कळ डिस्कमध्ये १९७ चा उंबरठा शून्य ठेवलेला असतो. म्हणजे सेक्टर कितीही सडले तरी नापास होण्याची सोयच नाही. बॅकब्लेझसारखी कंपनी, जी लाखोंच्या घरात डिस्क चालवते, ती स्मार्टमधल्या ५, १८७, १८८, १९७ आणि १९८ या पाच क्रमांकांचे कच्चे आकडे बघते, आणि शून्याच्या वर काही दिसलं की चौकशी लावते. ते असंही लिहितात की निकामी झालेल्या डिस्कपैकी २३.३ टक्क्यांत या पाचही ठिकाणी आधी काहीच दिसलं नव्हतं. म्हणजे चारातल्या जवळजवळ एकीत तर इशारा मिळतच नाही. जिथे मिळतो तिथे तरी तो दाबू नका ना!

डिस्क वॉरंटीत होती. सर्व्हिस सेंटरला घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलाने ती त्याच्या मशीनला लावली, दोन मिनिटांची चाचणी केली. "सर, पास आहे. रिप्लेसमेंट नाही होणार." मी अहवालाचा कागद पुढे केला, १९७ ची ओळ दाखवली. म्हटलं, दोन मिनिटांची नको, लाँग टेस्ट लावा, सगळा पृष्ठभाग वाचू द्या. तर म्हणे तेवढा वेळ मशीन अडकवता येत नाही, सिस्टीममध्ये फेल आलं तरच घेता येतं. त्या पोराचा काही दोष नाही, त्याच्यासमोर जो स्क्रीन ठेवलाय तेच तो वाचणार. ज्यांनी तो स्क्रीन ठरवला, त्यांना समोर उभं करा माझ्या.

शेवटी नवी डिस्क विकत घेतली. तीही ४ टीबी, खोक्यावर क्षमता, वॉरंटी, गुळगुळीत फोटो. लावली, रिसिल्व्हर, म्हणजे बाकीच्या डिस्कवरून नवी भरून काढणं, सुरू केलं. पहिला काही वेळ झकास वेग, आणि मग एकदम गोगलगाय. मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात शोधलं, तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत सापडलं: एसएमआर. यात ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. त्यामुळे कमी जागेत जास्त मावतं, पण मधलं थोडंसं बदलायचं तर पुढचा पट्टाच्या पट्टा पुन्हा लिहावा लागतो. फोटो ठेवून द्यायला ठीक आहे. तासन्‌तास न थांबता लिहिणाऱ्या रिसिल्व्हरला मात्र ही डिस्क जीव काढते.

आणि हे सगळं आता नव्याने कळलेलं आहे का? २०२० च्या एप्रिलमध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या लाल मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क न सांगता एसएमआर केल्या होत्या. सीगेट आणि तोशिबा यांच्याही काही डिस्कबाबत हेच निघालं. त्या वेळी झेडएफएसवर चाचणी झाली, तर रिसिल्व्हरला एसएमआर डिस्कने नऊ दिवसांहून अधिक घेतले, जिथे साध्या डिस्कचं काम एका दिवसाच्या आत उरकलं. नऊ दिवस अ‍ॅरे एका पायावर उभा! तेवढ्यात आणखी एक डिस्क गेली की सगळंच गेलं. बोंबाबोंब झाल्यावर याद्या जाहीर झाल्या, मालिकेची नावं बदलली. पण माझ्या या खोक्यावर ती तीन अक्षरं आजही नाहीत. का नाहीत? बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती ते छापावं लागतं, आणि हजारो रुपयांच्या डिस्कवर ती लिहिते कशी हे छापता येत नाही?

दुकानदार म्हणतो सील फोडलं, परत घेणार नाही. सील न फोडता डिस्क तपासायची कशी, हे त्याला विचारलं तर वर बघतो.

मी गप्प बसणार नाहीये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा दर्जा, प्रमाण, मानक आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही. दोन अर्ज लिहायला घेतलेत, एक सर्व्हिस सेंटरविरुद्ध आणि एक या नव्या डिस्कच्या खोक्याविरुद्ध. पहिल्याला स्मार्टचा पूर्ण अहवाल जोडलाय, १९७ ची ओळ लाल पेनाने अधोरेखित करून. दुसऱ्याला खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो. ज्यांच्याकडे असेच कागद पडून आहेत त्यांनीही अर्ज टाका. मसुदा लागला तर माझा घ्या.